काहीच न झाल्याबद्दल

डॉक्टर फडतरे मोजकं बोलतात.
कोरेगावच्या बाजारादिवशी साठ माणसं
बाकावर, भिंतीशी, पायरीवर.
एकेकाला तीन मिनिटं,
त्यातली एक नाडीला.
"मीठ कमी. चाला. झोप घ्या."
आणि लगेच, "पुढचा."

उरलेलं माझ्याकडे, औषधांच्या खिडकीशी.
सव्वीस वर्षं मी गोळ्यांच्या पुड्या बांधतो
आणि डॉक्टरांची वाक्यं सोडून दाखवतो.

मीठ कमी म्हणजे, आबा,
ताटाच्या कडेला चिमूट वाढून घ्यायची नाही.
खरडा आठवड्यातून दोनदा.
पापड भाजला असेल त्या दिवशी
लोणच्याची बरणी फळीवरच राहू द्या.

चालणं म्हणजे शेताला जाणं नव्हे.
शेतात तुम्ही वाकता, पाणी फिरवता,
बांधावर बसून बिडी ओढता.
चालणं म्हणजे स्टेशनापर्यंत,
गाडी धरायची नसताना,
हातात पिशवी नसताना.
"येडा झाला म्हणत्याल की लोकं."
म्हणू द्या. आठ दिवस म्हणतील,
नवव्या दिवशी त्यातलाच एक सोबतीला येईल.

उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही, रज्जाकभाई.
खारी बुडवलेला तर नाहीच नाही.

बरे झालेले लोक कंदी पेढे आणतात.
मुतखडा पडला, पेढे.
टायफॉइड उतरला, पेढे.
डॉक्टर कोपरा मोडून जिभेला लावतात,
पुडकं माझ्याकडे सरकवतात.
माझी साखर एकशे चौतीस.
मी ते गल्लीत वाटून टाकतो,
आणि वाटताना दर वेळी मनात येतं,
हे मी नक्की काय वाटतोय?

पण जो झटका आलाच नाही
त्याचे पेढे कोण आणणार?
आणि कुठल्या तारखेला?

यमुना घाडगे आली होती दाढ दुखते म्हणून.
डॉक्टरांनी बॅटरी लावली.
गालाच्या आत पांढरा चट्टा, टिकलीएवढा.
"मिश्री बंद. पुढचा."
खिडकीशी येऊन उभी राहिली,
पदराच्या गाठीत डबी.
म्हणाली, बारा वर्साची हुते तवापासनं लावतीया,
हिच्याबिगर सकाळच हुत न्हाय.
मी म्हणालो, ठेवा इथं.
तिनं ठेवली. बोट मात्र झाकणावरून
बराच वेळ उचललं नाही.

तिसऱ्या दिवशी परत मागायला आली.
डॉक्टरांनी कपाटात कुलूप लावून ठेवलीय, म्हणालो.
खोटं. माझ्याच ड्रॉवरमध्ये होती,
कापसाच्या गुंडाळीखाली.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग ड्रॉवरकडे.
तिला कळलं असणार.
गेली.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी यायची,
आ करायची, जायची.
चट्टा पुसट झाला. मग कुठं होता
ते डॉक्टरांनाही शोधावं लागलं.

परवा आली तेव्हा हातात पिशवी,
पिशवीत वाघ्या घेवडा, घरचा, निवडलेला.
डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"
"काय न्हाय झालं."
"मग हे?"
"काय न्हाय झालं म्हून."

डॉक्टरांच्या हातातली बॅटरी
तशीच चालू राहिली, टेबलाकडे तोंड करून.
"पुढचा" म्हणायचं राहून गेलं.
शेवटी मीच म्हणालो.

रजिस्टरात नाव, गाव, वय लिहिलं.
तक्रारीच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि एक आडवी रेघ ओढली,
जरा लांबच गेली ती.

रात्री बायकोनं घेवड्याची आमटी केली.
मीठ कमी पडलं होतं.
मी काही बोललो नाही.
हात एकदा डब्याकडे गेला होता,
तेवढं खरं.